भिवाजीचा जर्मन

मोठी लढाई संपून भिवाजी कडावजवळच्या आपल्या गावी परतला, तेव्हा त्याच्या वळकटीत एक पितळी टोपी होती. टोपी कसली, उलटं घातलेलं घंगाळच. वर कोंबड्यासारखा तुरा, आणि कपाळावर ठोकून उठवलेल्या दोन कुऱ्हाडी नि त्यांच्या मधे जाळ. गावाने ती पाहिली आणि आपणच अर्थ लावला. ज्याच्या टोपीवर कुऱ्हाडी आणि जाळ, तो जर्मन माणसं तोडून गावं पेटवणाराच असणार. भिवाजीने काही सांगितलं नाही, फक्त नाही म्हटलं नाही. मग तो जर्मन मेला कसा, असं लोक विचारू लागले, आणि त्याला बोलणं भाग पडलं. दर पावसाळ्यात, भाताची लावणी उरकली की गोष्ट थोडी वाढायची. पहिल्या वर्षी जर्मन पायी होता. तिसऱ्या वर्षी तो घोड्यावर बसला. पाचव्या वर्षी मरताना त्याने भिवाजीला सलाम केला.

खरं म्हणजे भिवाजी खेचरांच्या पलटणीत होता. चार वर्षं त्याने दाणा घातला, लीद काढली, आणि जर्मन पाहिला तो कुंपणाआड धरून ठेवलेला. टोपी त्याने फ्रान्सच्या बंदरात जुन्या बाजारातल्या एका म्हातारीकडून सिगारेटच्या दोन पाकिटांच्या बदल्यात घेतली होती. हे त्याच्या बायकोला, ठमीला, ठाऊक होतं. ती दर अमावास्येला चिंचेने टोपी घासायची आणि तोंड मिटून ठेवायची.

गावात होळी पेटवायचा मान पाटलाच्या घराचा. म्हातारा पाटील मूलबाळ नसताना वारला, तेव्हा त्याचा पुतण्या मालोजी पुढे झाला. पण गाव म्हणालं, जर्मन मारलेला माणूस गावात असताना पुतण्या कशाला? तेव्हापासून भिवाजी टोपी घालून होळीला चूड लावायचा. त्याला जन्मात दुसरं काही मिळालं नव्हतं. बाप दुसऱ्याच्या बैलांमागे चालला, तो सरकारच्या खेचरांमागे. फाल्गुनी पुनवेला मात्र सारा गाव त्याच्या मागे उभा राहायचा.

मालोजी कर्जतला रेल्वेच्या इंजिनीअर साहेबाच्या बंगल्यावर दूध घालायचा. तिथे ओटीच्या भिंतीवर त्याला गोऱ्या पलटणींच्या जुन्या टोप्या ओळीने टांगलेल्या दिसल्या. साहेबाला त्यांचा नाद होता. होळीला आठ दिवस राहिले असताना चावडीवर मालोजी अगदी गोड आवाजात म्हणाला की, भिवाजीदादाची टोपी साहेबाला दाखवावी, म्हणजे कुठल्या सरदाराची ते कळेल आणि गावाचंच नाव होईल. चार माणसांसमोर भिवाजीला नाही म्हणता येईना. साक्षीला म्हातारा नागू गुरव निघाला, देवाच्या दारचा माणूस, खोटं न बोलणारा.

तिघे चालत बंगल्यावर पोचले. भिंतीवर वीसेक टोप्या होत्या. एकीला वर भाल्यासारखं टोक, एकीला मागे घोड्याची शेपटी, एक लोखंडाची, आरपार भोक पडलेली. ती तीनशे वर्षांची आहे, असं साहेबाने आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. मग त्याने भिवाजीची टोपी हातात घेतली, फिरवून पाहिली, आणि हसला. ही पलटणीची नव्हे, तो म्हणाला. जर्मनही नव्हे. फ्रान्सात घराला आग लागली की नळीने पाणी मारायला धावतात, त्या माणसांची ही टोपी. कुऱ्हाडी दारं फोडायला. भिंतीवर आपण फक्त लढवय्यांच्याच लावतो.

मालोजीने खाली बघून मिशीवर हात फिरवला. भिवाजी मात्र भिंतीकडेच बघत होता. त्याने विचारलं, "सायेब, या समद्या तुमी मारलेल्यांच्या?"

साहेब म्हणाला, छे, लंडनच्या दुकानातून मागवल्या. लढाईत तो इथेच रूळ टाकत होता.

"मंग आपला मेळ हाय," भिवाजी म्हणाला. "मी बी इकतच घेतली."

तिघे गावी परतले. बंगल्यावर झालं ते नागूने चावडीवर जसंच्या तसं सांगितलं, आणि मान मालोजीकडे गेला. पुनवेला मालोजीने होळी लावली. भिवाजी मागे, बायकांच्याही मागे उभा होता. टोपी घरी खुंटीला होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रीतीप्रमाणे घरोघरचे लोक आंघोळीचं पाणी तापवायला होळीतले निखारे घेऊन गेले. मानकऱ्याचा निखारा पहिला आणि मोठा. मालोजीने तो फुटक्या मडक्यात घातला आणि मिरवत, वाऱ्यातून, आपल्याच पेंढ्याच्या उडवीला घासून नेला. उडवी धडाडली. पलीकडे गोठा, गोठ्यात दोन म्हशी बांधलेल्या. लोकांनी घागरी आणल्या, पण आत जाईना कोणी. मग एकेक जण वळून भिवाजीकडे बघू लागला.

"आता बगतोस काय रं?" नागू म्हणाला. "टोपी कुनाची हाय ती?"

ठमी तोवर टोपी घेऊन आलीच होती. भिवाजीने ती घातली, अंगावर ओलं घोंगडं घेतलं, कुऱ्हाडीने कुडाची भिंत फोडली आणि म्हशी बाहेर काढल्या. त्याची अर्धी मिशी जळाली. टोपी काळीठिक्कर झाली. संध्याकाळी मालोजी नारळ घेऊन आला आणि होळीचा मान तुझाच म्हणून गेला.

पुढच्या पावसाळ्यात लावणी उरकल्यावर लोक जमले. भिवाजी खाकरला आणि आगीची गोष्ट सांगू लागला. आग लागली, भिंत फोडली, म्हशी काढल्या. संपलीच. मालोजीच्या म्हशी सगळ्यांनी बघितलेल्या, त्यांना घोड्यावर बसवायची सोय नव्हती. एक जण जांभई देऊन उठायला लागला.

खोटं न बोलणाऱ्या नागूने चंची सोडली, पान जमवलं आणि भिंतीला पाठ टेकली.

"ते ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "जर्मनाचं सांग."