ठमीचे हात मागे

ठमीचा बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्ट अडली की झाकण उघडून आत बघता येतं. दीड वर्षाची लेक चालायला का अडली आहे, हे कुठे उघडून बघणार?

बाकी कशात ती मागे नव्हती. ठोकळ्यावर ठोकळा रचायची, नाक कुठे विचारलं तर समोरच्याच्या नाकात बोट घालायची, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. पाय तेवढे संपावर. उभं केलं की दोन्ही हात वर करायची आणि महाराणीसारखी वाट बघायची.

शेवटी सगळी वरात डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी ठमीची कंबर, गुडघे, पावलं नीट तपासली आणि तिला जमिनीवर उभं केलं. ठमीने हात वर केले, तशी आजीने तिला पटकन उचललं. बाईंनी पुन्हा खाली ठेवलं, आत्याने उचललं. पुढच्या खेपेला खुद्द बापाचे हात पुढे गेले, तेव्हा बाईंना हसू आवरेना.

"पोरगी ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही असताना तिला पाय हवेत कशाला? महिनाभर उगाच उचलू नका. तरी नाही चालली, तर घेऊन या. मग बघू."

ठमीच्या आईने घरी फर्मान काढलं, की ठमी दिसली रे दिसली की प्रत्येकाने हात पाठीमागे बांधायचे. मग काय, घरभर नुसते तपासणीला आलेले साहेब फिरू लागले. आजी दार कोपराने ढकलायची. ठमीने भोकाड पसरलं की आत्या गॅलरीत पळायची. बाप पाठीमागे एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरून ठेवायचा.

एका सकाळी आई मटार सोलत होती, बाकीचे भिंतीला टेकून उभे होते. ठमी स्टुलाला धरून उठली. तिने एकेकाला न्याहाळलं, स्टूल सोडलं आणि आपलेही हात पाठीमागे नेले. ते एकमेकांपर्यंत पोचेनात, म्हणून मागून झबलंच मुठीत धरलं. मग पोट पुढे काढून, शाळेच्या फेरीवर निघालेल्या मुख्याध्यापकासारखी ती चालू लागली.

बापासमोरून ती त्याच्याकडे ढुंकूनही न बघता गेली आणि दाराशी धपकन बसली. सगळ्यांचे हात एकदम पुढे धावले.

"नको," ठमी म्हणाली, आणि आपली आपण उठली.

बाप हसायला लागला तो हसता हसता खालीच बसला. आईच्या मांडीवरचे मटार घरभर पळाले, ठमी त्यांच्यामागे.

दुपारपर्यंत, ही कार्टी एका जागी बसत नाही, अशी आजीची तक्रार सुरू झाली होती. आत्याने काळजीने डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, की मूल हात मागे बांधून चालतं, यात काही गैर नाही ना. पलीकडून बराच वेळ नुसतं हसूच ऐकू येत होतं.