हळदीच्या कापडावरचा लाल हात

"गोविंदा! गोऽविंदा!"

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या कारखान्यांमागं जो कल्याणमंडप, म्हणजे लग्नाचं कार्यालय आहे, तिथं गर्जना उठली. माझ्या शेजारची बाई तर हुंदकेच देऊ लागली. समोर हळदीत भिजवलेलं पिवळंजर्द कापड अंथरलं होतं. एकेक बाई ओंजळीत तीर्थ घेई, हात चोळी आणि तळवा कापडावर दाबी. हाताचा ठसा पिवळाच राहिला तर बाई निर्दोष. एखादीचा मात्र रक्तासारखा लाल उमटे!

हा सारा खेळ मंजळम्मा म्हणवणाऱ्या एका बाईचा. मंजळ म्हणजे तामिळीत हळद. "नवऱ्यापासून लपवाल, आईपासून लपवाल, माझ्या हळदीपासून काय लपवाल गं?" ती डोळे फिरवत म्हणे. "स्कॅन खोटं बोलेल, डॉक्टर खोटं बोलेल. हळद? कधी नाही!"

मागं टाळ वाजत होते. आम्ही तंजावरकडची मराठी माणसं, चेन्नईत विखुरलेली. कुठं टाळ वाजला की माझे पाय आपोआप तिकडं वळतात, कीर्तनाचं वेडच तसं आहे मला. पण इथला टाळ नामासाठी नव्हता. कुणी प्रश्न विचारायला तोंड उघडलं की तो जोरात वाजे.

मग माझी भाची वाणी पुढं गेली. ती शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. काही दिवसांपासून तिला खाली खाज सुटत होती, आग होत होती, दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जात होतं. लाजत लाजत तिनं सासूला सांगितलं. सासूबाई सीतालक्ष्मी तिला डॉक्टरकडं नेण्याऐवजी इथं घेऊन आल्या. दाराशी एक सेविका प्रत्येकीच्या कानाशी लागून विचारत होती, "काय त्रास?" वाणीनं मान खाली घालून सांगितलं. पुढं तिच्या ओंजळीत तीर्थ पडलं ते कोपऱ्यातल्या वेगळ्या तांब्यातलं.

तळवा लाल उमटला.

"अय्यो!" सगळा मंडप कळवळला.

"परपुरुषाची छाया!" मंजळम्मा किंचाळली. "हेच तीर्थ घरी ने. रोज त्यानं आतून धू. जितकं जळेल तितकं पाप जाईल!"

वाणीचा नवरा हरिप्रसाद दाराशी उभा होता. त्यानं कापडाकडं पाहिलं, बायकोकडं नाही. मग बाहेर जाऊन त्यानं स्कूटर सुरू केली.

पुढच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. हरिप्रसाद थोरल्या भावाकडं राहायला गेला होता. वाणीचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं. पोरीला धड बसता येत नव्हतं.

"आत्या, फार जळतं गं. म्हणजे पाप जात असेल ना?"

"कसलं पाप, बाळ?"

"तेच आठवत बसलेय. सापडतच नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई आतून ओरडत राहिल्या, मी वाणीचा हात धरून तिला थेट डॉक्टर जयवंतींकडं नेलं. त्या आमच्यातल्याच, आमची जुनी मराठी बोलणाऱ्या. त्यांनी तपासलं आणि नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

"बुरशी आहे. योनिमार्गात ती थोडीफार असतेच. चांगले जंतू तिला आवरून धरतात. मध्ये कसली औषधं घेतली होतीस?"

"दाढ सुजली होती. अँटिबायोटिक दिलं होतं."

"त्यानं दाढेबरोबर ते चांगले जंतूही मारले, मग बुरशी माजली. कुमारिकेला होते, गरोदर बाईला होते. साखर वाढलेली असली तर पुन्हा पुन्हा होते, म्हणून तीही तपासू. चारित्र्याशी बुरशीचा काय संबंध?" त्यांनी आत ठेवायच्या गोळ्या आणि मलम दिलं. "आतून काहीही धुवायचं नाही, साबणानंसुद्धा. सुती, सैल कपडे घाल. पुन्हा झालं तर मनानं औषध न घेता दाखवायला ये, दुसरे आजारही असेच दिसतात. पण ही कातडी सोलवटलीय कशानं?"

मी कापडाची, तीर्थाची सगळी हकिगत सांगितली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"मावशी, लग्नात नवरानवरीला ओवाळायला लाल आरत कशी करता तुम्ही?"

"कशी म्हणजे? हळदीच्या पाण्यात चुना कालवला की लाल..." मी स्वतःच्या बोटांकडं पाहिलं.

त्या मंडपातल्या प्रत्येक बाईनं ती आरत स्वतःच्या बोटांनी कालवलेली होती! उंबऱ्यावर जिला आम्ही आरत म्हणतो, तिलाच व्यासपीठावर चमत्कार म्हणून हात जोडत होतो. आणि पोरीच्या नाजूक अंगाला जाळत होता तो त्या वेगळ्या तांब्यातला चुना.

मी सीतालक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात गेले. हरिप्रसादलाही बोलावून घेतलं. चुन्याची निवळी केली, पाण्यासारखी नितळ. जुन्या पंच्याला हळद लावली.

"विहीणबाई, घ्या तीर्थ."

"माझी कसली परीक्षा, अक्का?"

"घ्या तर!"

त्यांचा हात पंच्यावर लालभडक उमटला. त्या तळवा पदराला घासू लागल्या. "मी तर... अय्यो, मी तर देवाची बाई!"

"वाणीही देवाचीच होती हो," मी म्हटलं. आवाज चढवायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

औषधानं वाणी लवकरच बरी झाली आणि कंपनीजवळच्या हॉस्टेलवर राहायला गेली. हरिप्रसाद मला घेऊन तिला आणायला गेला.

"चूक झाली गं. आता कळलं ना सगळं? चल घरी."

"चुन्याचं कळलं तुम्हाला," ती हळूच म्हणाली. "नसतं कळलं, तर?"

ती वळली आणि आत गेली. ती आली नाही. अजूनही नाही.

मी कीर्तनाला जाते, जाईनच. देवाचं नाव गायला कुणाचं पाप शोधावं लागत नाही. पण बायांनो, जिथं "हे कसं झालं?" असं विचारू देत नाहीत, तिथून उठा. खाज, आग, पांढरं जाणं ही दुखणी आहेत. ती लाजेत गुंडाळू नका, डॉक्टरला दाखवा. आणि घरच्यांनो, बाई दुखतंय म्हणाली तर आधी तिचं ऐका. तिच्या चारित्र्याची चौकशी हा कुठल्याच आजाराचा उपचार नाही.