यू-ये

वर्षभर पगारवाढ मागायची नाही, त्या बदल्यात दुसरी पाळी बंद होणार नाही, असा साधा सौदा होता. कझाकस्तानातल्या शिमकेंतच्या दह्याच्या कारखान्यातल्या बासष्ट बायकांनी तो मान्य केला तो काही जर्मन मालकांकडे बघून नव्हे. हेड अकाउंटंट कुल्याशने रोटीवर हात ठेवून शब्द दिला, म्हणून. अट एकच होती: कारखान्याच्या रोजच्या धंद्यातून हाती उरणारा पैसा वाढला पाहिजे.

कुल्याशने कंबर कसली. नासणारं दूध निम्म्यावर आणलं, उधारीवाल्या दुकानदारांच्या दारात ठाण मांडलं. ऑगस्टात सरकारने टेंगे या देशी चलनाचा बांधलेला भाव मोकळा सोडला आणि तो घसरतच गेला. युरोत घ्यावी लागणारी झाकणं महाग झाली, तरी बाई डगमगली नाही. वर्षअखेर गेल्या वर्षीच्या दहा कोटी टेंग्यांचे तेरा कोटी झाले. घरी तळलेल्या बाउरसाक पुऱ्यांचं ताट घेऊन ती दौलेनच्या केबिनमध्ये गेली. दौलेन आता डायरेक्टर होता, पण त्याला जमाखर्च तिनेच शिकवला होता.

तो ताटाला शिवला नाही.

"आपाय, मालकांचं पत्र आलंय. दुसरी पाळी बंद."

"अरे, दहाचे तेरा केलेत! पत्र उलटं धरलंयस का?"

"टेंगेत तेरा. करारात आकडा यू-येत आहे."

यू-ये म्हणजे रशियनमध्ये 'मानलेलं एकक'. डॉलर म्हणायची चोरी असल्यापासून इथे सगळे डॉलरला तेच म्हणत. कुल्याशने करार वाचताना तो शब्द पाहिलाही होता. पण दीड वर्ष एका डॉलरला एकशे पंच्याऐंशी टेंगे हा भाव हललाच नव्हता, यू-ये काय नि टेंगे काय! फ्लॅटचं भाडं यू-येत, फ्रिज यू-येत. बघून बघून डोळा मेला होता. आता डॉलर साडेतीनशेला गेला होता. पाच लाख चाळीस हजार डॉलरचे तीन लाख सत्तर हजार झाले होते. बायकांनी राबून वाढवलेला पैसा जर्मनीत पोचेपर्यंत घटला होता.

"पण पहिल्या मसुद्यात टेंगे होतं," ती म्हणाली. "मी वाचलंय. कुणी बदललं?"

दौलेन खिडकीकडे बघू लागला.

"मी माझा पगार यू-येत मागितला. ते म्हणाले, मग सगळंच यू-येत. मला काय ठाऊक टेंगे पडेल?"

"ठाऊक नव्हतं, तर स्वतःपुरतं का मागितलंस?"

"सही तुम्हीच केलीत, आपाय."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तिला संतापाने रडू फुटलं, आणि आपण याच्यासमोर रडतोय याचा जास्त संताप आला. परक्यांनी केलं असतं तर तिने चार शिव्या देऊन सोडून दिलं असतं.

बायकांना सांगायचं काम दौलेनने तिच्यावरच ढकललं. तिने सगळं सांगितलं: डॉलर, करार, साहेबाचा पगार. भरणीच्या मशीनवरची उल्झान हात पुसत पुढे आली. या बाईच्या शब्दावर तिने वर्षभर घरच्यांची बोलणी खाल्ली होती.

"आणि तुमचा पगार कशात होता, आपाय?"

"टेंगेतच गं. तुमच्यासारखाच."

उल्झानने मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं. एकीलाही ते खरं वाटलं नव्हतं.