पाळण्याची दोरी

हर्षदानं गोळी गिळली की घरातला बोळ एका फरशीनं लांबायचा. स्वयंपाकघरापासून संडासापर्यंत पूर्वी सात फरश्या होत्या, चैत्र लागेपर्यंत त्या सत्तरच्या पुढे गेल्या.

घरात कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. नवरा, श्रीनिवास, म्हणाला, "बरंच झालं की! तेवढंच तुझं चालणं होतं."

गोळ्या काही हौसेच्या नव्हत्या. धाकटीच्या वेळी जिवावर बेतलं होतं. आणखी मूल नको, म्हणून त्या चालू झाल्या होत्या. एकवीस गोळ्या झाल्या की सात दिवस थांबायचं, पाळी येऊ द्यायची, असा नेम. पण घराला लागूनच रामाचं देऊळ, तिथं नवमीचा उत्सव आणि बुवांच्या कीर्तनात पेटीवर हर्षदा.

"या खेपेला मधे थांबूच नकोस," सासूबाई म्हणाल्या. "पाळी आली तर देवळात कशी येशील? रामजन्म व्हायचा आणि पेटी मुकी, असं नको गं बाई."

हर्षदालाही तेच हवं होतं. बुवांनी चिपळ्या उचलून तिच्याकडे सूर मागितला, की तिच्या अंगावर काटा यायचा. ते सुख सोडवेना. तिनं पाकिटाला पाकीट जोडलं.

बोळाला वळणं पडली. भिंती ऊन, ओलसर लागू लागल्या. पोटात कळ आली की ती पदर खोचून धावत सुटायची, दिवसातून दहादा, पंधरादा. परतताना फरश्यांवर रक्ताचे थेंब दिसायचे. ते पुसत पुसत ती स्वयंपाकघरात यायची, तोवर भात गार झालेला असायचा.

अष्टमीला डॉक्टरीणबाई टेप घेऊन घरी आल्या. त्यांनी ओणवं होऊन बोळ मापला, भिंतीला पालथा हात लावला.

"सूज आहे," त्या म्हणाल्या.

"गोळ्यांमुळे?"

"असू शकेल. गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये आतड्याच्या सुजेचा धोका थोडा जास्त दिसतो. पण तुमचा बोळ गोळ्यांनीच लांबवला, असं छातीठोक नाही सांगता येत."

"बंद केल्या तर आखडेल?"

"आजपासून बंद करा. मूल राहू नये म्हणून दुसरं काहीतरी देते. बोळाचं मात्र बघावं लागेल."

"उद्या पेटीवर बसता येईल ना?"

डॉक्टरीणबाई टेप गुंडाळू लागल्या. बराच वेळ झाला तरी ती गुंडाळून संपेना.

त्या दिवशी हर्षदानं गोळी घेतली नाही. बोळ लांबतच राहिला.

नवमीला साडेअकराला पूर्वरंग आटोपला. बुवांना हार घातला, सगळ्यांना बुक्का लावून झाला आणि हर्षदाच्या पोटात कळ आली.

"बुवा, आलेच."

"या माउली, या. सुरावाचून उत्तररंगाला उभा कसा राहू मी?"

ती संडासापर्यंत पोचली, पण परत येता येईना. चालून चालून पाय भरून आले. स्वयंपाकघराचं दार दूरवर तांदळाच्या दाण्याएवढं दिसत होतं. भिंतीपलीकडून बुवांचा आवाज येत होता. पेटीवाचून तो उघडा वाटत होता. सूर देण्यासाठी तिची बोटं भिंतीवर फिरली. भिंत आत दबली आणि पुन्हा फुगली.

"अगं, कुठवर आलीस?" सासूबाईंची हाक आली.

"येतेय, आई. चालतेच आहे."

"बारा वाजले की! राहू दे, धावू नकोस. पाळण्याची दोरी तुझ्याकडे धाडते. प्रत्येकीनं एकदा ओढायचीच असते."

दोरी वळणावळणानं फरशीवरून आली. हर्षदानं ती हातात घेतली. रेशमी असायला हवी होती, पण ती ऊन आणि ओलसर लागली. देवळात घंटा झाली, गुलाल उधळल्याचा गलका झाला, बायकांनी पाळणा म्हणायला घेतला.

"ओढ गं!"

हर्षदानं ओढली. तिच्या पोटात काहीतरी झुललं.

मग पलीकडून सगळ्या बायका गात गात दोरी ओढू लागल्या.