अर्ध्या तासाचं ला पाझ

कोचाबांबाहून ला पाझ म्हणजे विमानाने जेमतेम अर्धा तास. सुल्माने हे इतक्यांदा ऐकवलं होतं की धाकटा भाऊ हात उडवून तिची नक्कल करायचा. बसने गेलं तर आठ तास, तेही घाटात कुणी रास्ता रोको केला नसेल तर! या आठवड्यात तो होताच, म्हणून बाबांनी कुरकुरत विमानाचं तिकीट काढलं.

"सकाळीच नीघ गं," ला पाझचा मामा फोनवर म्हणाला.

"मामा, अर्धा तास! आई सिल्पांचो करतेय, वर दोन अंडी. ते टाकून येऊ?"

त्या दुपारी ला पाझच्या मिरवणुकीत ती पहिल्यांदाच पथकाच्या आघाडीला नाचणार होती, तेही मुलग्यांसारखे चाळ लावलेले उंच बूट घालून. ती शिट्टी फुंकणार आणि तिच्या इशाऱ्यावर अख्खी रांग फिरणार. पण पथकाच्या रेमेदियोसबाईंनी बजावलं होतं, "बँड सुरू होताना जागेवर दिसली नाहीस, तर शिट्टी योसेलिनला." योसेलिन म्हणजे मामाची मुलगी. त्या शिट्टीवर तिचाही डोळा होताच.

बूट पिशवीत मावेनात, म्हणून सुल्मा ते घालूनच विमानतळावर गेली. तपासणीचं यंत्र जे कोकलायला लागलं! तिने बूट काढले, घातले, आणि मागच्या आजीबाईंच्या आग्रहाखातर एक गिरकीही मारली. विमानात रस पिऊन होतोय तोवर खिडकीत बर्फाचा डोंगर आला आणि शहराच्या वरच्या पठारावर चाकं टेकलीसुद्धा. बघा, म्हटलं नव्हतं?

"काका, खाली शहरात चला. पटकन!"

टॅक्सीवाल्याने मान हलवली. "रस्ते बंद आहेत, पोरी."

"इथेही रास्ता रोको?"

"रास्ता रोको कसला, मिरवणूक आहे!" त्याची नजर तिच्या बुटांवर गेली. "अगं, तुझीच की!"

सुल्माचा चेहरा उतरला. विमानाचा वेळ तिने मोजला होता, स्वतःची मिरवणूक मात्र साफ विसरली होती. मग काय, धावत केबल कार गाठली. डबा निवांत डुलत उतरत होता. ती पाय आपटत होती, चाळ वाजत होते.

"आपटून लवकर पोचत नाही ही," शेजारचे आजोबा म्हणाले.

खाली उतरून ती पळत सुटली. पण ला पाझची हवा विरळ, आणि तिची छाती सखल कोचाबांबाची. दोन चढांतच डोळ्यांपुढे काजवे. पोचली तेव्हा बँड दणाणत होता आणि शिट्टी योसेलिनच्या तोंडात होती.

"अर्धा तास ना?" रेमेदियोसबाईंनी विचारलं.

योसेलिनने शिट्टी पुसून पुढे केली. "घे. वाजव बघू."

सुल्माने सगळा जीव गोळा करून फुंकली. फुस्स! अख्खी रांग खो खो हसली. क्षणभर तिला रडू आलं. मग तिने शिट्टी स्वतःच परत केली.

"तूच फुंक, योसे. मी नुसते पाय हलवते."

"पुढेच राहा मग. तुझ्यासारखी उडी मला कुठे जमते?"

बाईंनी कपाळावर हात मारला, पण नाही म्हणाल्या नाहीत. शिट्टी वाजली, सुल्मा उडाली, चाळ खणखणले आणि रांग एका झोकात फिरली.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. "काय गं, अर्ध्या तासात पोचलीस ना?"

"विमान पोचलं, बाबा," ती अजून धापा टाकत म्हणाली. "मी जरा मागून आले."