दोन्हीला चालेल अशी रायफल

माझ्यासाठी स्थळ शोधताना आमच्या घरात जेवढी चर्चा झाली नाही, तेवढी रायफल शोधताना झाली. मी सोडले तर चर्चा करणाऱ्यांपैकी एकालाही नेम धरता येत नव्हता, हे आधीच सांगून टाकते.

मी अश्विनी. गाव जामखेडच्या अलीकडं, माळरानाला लागून. नोकरी भिंगारला, औषधाच्या दुकानात. रविवार सगळा रेंजवर. पन्नास मीटरवरच्या निशाणावर पालथं पडून साठ गोळ्या मारायच्या, हा माझा खेळ. क्लबची रायफल सहा जणांत एक, आणि तीही उजव्या हाताच्या माणसासाठी घडवलेली. मी डावखुरी. बोल्ट, म्हणजे गोळी आत सारायची कडी, माझ्या पलीकडच्या बाजूला येते. दर गोळीनंतर घोड्यावरचा हात काढा, वरून पलीकडं न्या, गाल उचला, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं जुळवा. साठ गोळ्या, साठ वेळा. एवढं करून मी राज्य स्पर्धेला पात्र ठरले. प्रशिक्षकांनी तोंडावर सांगितलं, डाव्या हाताची स्वतःची रायफल आण, तर तू पदकात आहेस. नाहीतर नुसती फिरून ये.

गावाला हे कळलं तेव्हा गाव गावासारखंच वागलं. पोरीला स्कूटी घेऊन दिली की बाप पुढारलेला. तिनं रायफल मागितली की पोरगी बिघडली. एका चुलत्यानं तर विचारलं, लग्न झाल्यावर ती रायफल सासरी कुठं ठेवणार. मी म्हटलं, उशाशी. 

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हात झटकले. मग आबा पुढं आले. माझे आजोबा काकासाहेब, वय शहात्तर. म्हणाले, रायफल मी घेऊन देतो, पण माझी एक अट हाय. रायफल दोन्हीला चालंल अशी पायजे. निशाणबाजीला बी आन हरणाला बी.

आता आबांचं हरीण सांगणं भाग आहे, कारण आमच्या घरात देवाच्या आधी त्याचं नाव घेतात. घर स्लॅबचं, साधं. बाहेरच्या खोलीत टीव्ही, आणि टीव्हीच्या वर भिंतीला काळवीटाची शिंगं. पीळदार, हातभर लांब, काळी कुळकुळीत. सत्तर साली, शिकारबंदीचा कायदा यायच्या दोन वर्षं आधी, आबांनी एका बागायतदाराची बंदूक मागून आणली आणि पहाटे माळावर दीडशे पावलांवरून एका गोळीत काळवीट पाडलं. एका गोळीत. दर दसऱ्याला शिंगांना काळ्या ऑइल पेंटचा एक हात, त्यावर शेंदूर, झेंडूचा हार. आबा सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा विरोधक म्हणायचे, ह्यांना मतं माणसांनी नाही, त्या हरणानं मिळवून दिली.

मी आबांना कागदावर काढून दाखवलं. माझ्या खेळाची रायफल पॉइंट टू-टू. गोळी करंगळीच्या पेरासारखी, धक्का जवळजवळ नाही, पण वजन पाच-सहा किलो, म्हणजे ती हातात हलत नाही. हरणासाठी बनवलेली रायफल वेगळी. गोळी मोठी, रायफल हलकी, कारण ती खांद्याला लावून रानात चालायचं असतं, आणि धक्का असा की साठ गोळ्यांनंतर खांद्याची भाकरी. पहिलीनं हरीण नुसतं जखमी होईल आणि कुठंतरी जाऊन तळमळत मरेल. दुसरीनं माझं पदक जाईल. दोन्हीला चालेल अशी, म्हणजे दोन्हीला न चालणारी. आबा स्वतः शर्यतीचे बैल पाळून होते, म्हणून विचारलं, शर्यतीचा खोंड कधी औताला जुंपला होता का.

आबा म्हणाले, खोंडाला जीव असतो. बंदुकीला काय?

मग मी कायदा सांगितला. काळवीट मारलं तर सात वर्षांपर्यंत आत. तसा हरणांवरून आम्ही कुणी जीव ओवाळून टाकत नाही. पहाटे तीस-चाळीस उतरतात आणि हरभऱ्याचे शेंडे खुडून जातात. नुकसानभरपाई मागायला जावं तर खूर हरणाचेच कशावरून, असं विचारतात. मोटारीच्या काचेतून फोटो काढणारे म्हणतात, किती सुंदर. सुंदर आहेतच. आमचा हरभरा खाऊन झाली आहेत. पण म्हणून त्यांना गोळी घालायची माझी तयारी नव्हती, आणि हे मी आबांना स्पष्ट सांगितलं.

आबा शांतपणे म्हणाले, "मारायचं कोन म्हनतंय, आशे? मारता यावं, एवढंच."

 मी ऑक्टोबरात टू-टूच्याच परवान्याचा अर्ज भरला, कारण लिहिलं निशाणबाजी, आणि आबांना सांगितलं नाही. हा माझा शहाणपणा.

नोव्हेंबरात चौकशीला पोलीस घरी आला. मी भिंगारला होते. आबा एकटे ओट्यावर. त्यानं विचारलं, नात रायफल कशाला मागतेय? आबांना वाटलं, शिफारस करायची हीच वेळ. चहा पाजला, आत नेऊन शिंगं दाखवली आणि सगळं सांगितलं. पोलिसानंही एक अक्षर गाळलं नाही. जबाबात लिहिलं की सदर रायफल निशाणबाजी व हरणाची शिकार या दोन्ही कामी वापरण्याचा मानस आहे, जबाब देणार यांनी स्वतः काळवीट मारलेले असून त्याची शिंगे राहते घरी टीव्हीचे वर आहेत, सबब नेमबाजी ही कुटुंबाच्या रक्तात आहे. खाली आबांची मोठी, वळणदार सही.

माझा अर्ज तीन महिने जागचा हलला नसता. हा जबाब मात्र चार दिवसांत वनखात्यात पोचला. आपल्याकडं कागदाला पाय फुटतात ते नेमके अशा वेळी.

डिसेंबरात एका सकाळी वनखात्याची गाडी दारात आली. मी सुट्टी काढून आले होते. उतरल्या त्या वनपाल ज्ञानेश्वरी मॅडम, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, सोबत एक वनरक्षक. पंच म्हणून दोन माणसं हवी होती. एक शेजारचे कल्याणकाका मिळाले. दुसऱ्यासाठी आबांनी स्वतःच विष्णुपंत गुरुजींना बोलावून घेतलं. गुरुजी आबांचे शाळेपासूनचे मित्र, आमच्याच शाळेत मास्तर होऊन निवृत्त झालेले, भाषा पुस्तकासारखी. दार उघडं होतं, त्यामुळं बघता बघता निम्मं गाव अंगणात आलं.

आबा ऐटीत होते. अजून त्यांना वाटत होतं की हा सत्कार आहे.

मॅडमनी शिंगं उतरवून घेतली. वजन पाहिलं, नखानं खरवडून पाहिलं. पंचावन्न वर्षांचा ऑइल पेंट आणि शेंदूर, नख कुठं पोचणार? त्यांनी शिंगं गुरुजींच्या हातात दिली. गुरुजींनी चष्मा लावला, शिंगांचा बुडखा उलटा करून पाहिला. तिथं दोरी ओवायला असतात तशी दोन भोकं होती. गुरुजींनी चष्मा काढला आणि पंख्याकडं बघत बसले.

मग मॅडमनी समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. शिंगं हरणाची असतील तर नोंदणी नसताना ती घरात ठेवणं हाच गुन्हा. ती सील होणार, तपासणीला जाणार, अहवाल यायला सहा महिने. तोवर नातीच्या अर्जावर कुणी सही करणार नाही. आणि ती दुसऱ्या कशाची असतील तर आजच सांगा. आत्ता, पंचांसमोर.

"आजोबा, मला एकच वाक्य पाहिजे, आणि ते तुमच्या तोंडून पाहिजे," त्या म्हणाल्या. "ही शिंगं कशाची आहेत?"

मला वाटलं, संपलं. स्पर्धा फेब्रुवारीत, सहा महिने म्हणजे जून. मी आबांकडं पाहिलं. आबांच्या चेहऱ्यावरची ऐट गेली होती, पण तिथं भीती नव्हती. तिथं काय होतं ते मला ओळखता येईना. ते अंगणातल्या माणसांकडं बघत होते. एकेकाकडं. त्या प्रत्येकाला त्यांनी ती गोष्ट सांगितली होती, कुणाला लहानपणी मांडीवर घेऊन, कुणाला पारावर बसून. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"आशे, तुजी स्पर्धा कवा हाय?"

मी म्हटलं, सोळा फेब्रुवारी.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"भीमा सुतारानं केलीत ती. शिसवाची हायेत."

 वनरक्षकानं खिशातून चाकू काढून दिला आणि आबांनी स्वतः शिंगाच्या बुडाशी पातं फिरवलं. पेंटची सालपटं निघाली, त्याखाली तपकिरी लाकूड, रेषारेषांचं.

"आन केली कशाला, तर नाटकाला," आबा म्हणाले. "ह्या विष्णुपंताच्या डोक्यावर हुती."

पहिलं कोण हसलं ते सांगता येणार नाही. बहुतेक मॅडमच. मग सगळं अंगण हसलं. गुरुजी उठून उभे राहिले आणि पंच असल्याचं विसरून साक्ष देऊ लागले. सत्तर साली जत्रेत गावातल्या पोरांनी सीताहरणाचं नाटक केलं. गुरुजी तेव्हा काडीसारखे, म्हणून सोनेरी हरीण तेच. रामाला मिळाल्या नाहीत एवढ्या टाळ्या हरणाला मिळाल्या, हे त्यांनी दोनदा सांगितलं. नाटकानंतर काकासाहेबांनी शिंगं मागून नेली, काळी रंगवली, आणि आठवड्याभरात गावात शिकारीची गोष्ट फिरू लागली.

"म्हणजे तसं पाहिलं तर ह्यानं मलाच मारलं," गुरुजी म्हणाले. "पंचावन्न वर्षं मी ब्र काढला नाही. सांगून टाकावं असं फार वेळा वाटलं, पण गोष्ट इतकी रंगवून सांगायचा की मलाही वाटायचं, मेलो असेन बुवा."

आत चुलीपाशी आजी, छबूबाई, हसत नव्हती. ती रागावली होती, पण वेगळ्याच कारणानं. बाहेर येऊन म्हणाली, "शिंगाला कदी वाळवी लागती व्हय? दर पावसाळ्यात बुडाला रॉकेल चोळतीय मी. माज्या हाताचा वास जात न्हाई, आन ह्यास्नी वाटतंय मला म्हाईत न्हाई."

आबा आजीकडं बघतच राहिले. मला वाटतं, सगळ्या सकाळीत त्यांना खरा धक्का बसला तो हा.

मॅडम जबाब लिहू लागल्या. सदर शिंगे लाकडी असून नाटकाकरिता बनविलेली आहेत, मी आजपावेतो एकही हरीण मारलेले नाही. सही करा म्हणाल्या. आबांनी पेन धरलं आणि थांबले.

"पन गोळी उडाली हुती. ते बी लिवा."

मॅडम म्हणाल्या, त्याची गरज नाही, ते कायद्याच्या आधीचं आहे. आबा हटेनात. अर्धं खरं लिहिणार असाल तर सही करत नाही म्हणाले. मग त्यांनी ते सांगितलं, आणि त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ती पहिली खरी शिकारकथा. बंदूक खरंच मागून आणली होती. तुरीत लपून बसले होते. काळवीट आलं ते दीडशे पावलांवर नाही, अकरा पावलांवर. एवढं जवळ की त्याच्या पापण्या दिसत होत्या. आबांनी दोन्ही डोळे मिटले आणि घोडा ओढला. धक्क्यानं मागं आपटले. डोळे उघडले तर हरीण तिथंच उभं, ह्यांच्याकडं बघत.

"त्ये पळालं न्हाई," आबा म्हणाले. "मीच पळालो."

मॅडमना लिहिता येईना इतकं हसू येत होतं. पण लिहिलं. गोळी झाडली असता ती लागली नाही, प्राणी जागेवर उभा राहिला, जबाब देणार हे स्वतः तेथून निघून गेले. आबांनी ऐकून मान डोलावली आणि सही केली, तशीच मोठी, वळणदार. जाताना मॅडम मला म्हणाल्या, उद्याच आमचं पत्र वर जाईल, तुम्ही सरावाला लागा.

माझ्याच्यानं राहवलं नाही. एवढं मोठं माणूस आपल्या हातानं आपलंच नाक कापून माझ्या हातात देत होतं. मी आबांच्या पाया पडले. ते म्हणाले, ऊठ, आन त्या टू-टूचं मला पुन्ना सांग. डावीकडनं कडी असलेली मिळती का कुटं?

परवाना जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आला. दुसऱ्याच दिवशी आम्ही पुण्याला दुकानात गेलो, मी, दादा आणि आबा. डाव्या हाताच्या दोनच टू-टू होत्या. एक नवी, एक कुणीतरी खेळ सोडून विकलेली. नवी हलकी, दिसायला देखणी. दादा तिच्या बाजूचे. जुनीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा भाग, हवा तसा मागंपुढं सरकवता येत होता, तोल थोडा पुढच्या अंगाला. आबांनी दोन्ही उचलून पाहिल्या आणि जुनी माझ्याकडं दिली. म्हणाले, हीच जड हाय, हलनार न्हाई. मी कागदावर काढलेलं त्यांनी सगळं लक्षात ठेवलं होतं.

पण हातात धरून रायफल कळत नाही. मी दुकानदाराला म्हटलं, खाली पडून बघायचंय. त्यानं आधी नाही म्हटलं, मग माझ्याकडं नीट पाहिलं आणि काउंटरमागं वर्तमानपत्रं अंथरली. मी पालथी पडले. दस्ता खांद्यात बसवला, गाल टेकवला, डावा हात घोड्यापाशी. बोल्ट ओढला. हात जरासा उचलला, इंचभर मागं, आणि परत. गाल हललाच नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा. मी परत ओढला. परत. उगाच.

काउंटरपलीकडं आबांचा आवाज चढला होता. दुकानात आलेल्या चार अनोळखी माणसांना ते सांगत होते की काळवीट नऊ पावलांवर होतं, फार तर आठ, आणि गोळी त्याच्या दोन्ही शिंगांच्या मधून गेली.