अंगठ्यातला धागा

मुकुटबनच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात वसंतराव चोपडे तीस वर्षांपासून ग्रेडर होते. पूर्वी बैलबंड्यांची रांग फाटकाबाहेर जायची. वसंतराव बंडीतून कापसाची चिमूट घेत, सरकी काढून दोन्ही अंगठ्यांत धागा ओढत आणि डोळे मिटून त्याची लांबी मिलिमीटरमध्ये सांगत. कोणी पट्टी लावून पाहिली, तरी आकडा तोच निघे. लोक आपली बंडी सोडून ते बघायला यायचे.

आता चार वर्षांपासून मोबाईलनं फोटो काढला की आकडा येतो. नव्या ग्रेडरांना हातानं कापूस कळत नाही म्हणून वसंतराव त्यांच्या नावानं रोज बोटं मोडत. फोटो मात्र स्वतःही काढत.

परवा शेतकरी मैनाबाई आपला कापूस घेऊन आल्या. वसंतरावांनी मोबाईल काढला, तशी त्या म्हणाल्या, "ते ठेवा बाजूले, भाऊ. पहिल्यासारखं हातानं सांगा."

वसंतराव खुलले. चिमूट ओढून त्यांनी डोळे मिटले. बैलांच्या घंटा आठवल्या, जुनी रांग दिसली. बोटं मात्र काहीच बोलेनात.

"एकोणतीस," त्यांनी ठोकून दिलं.

मैनाबाईंनी तोच धागा घेऊन हळूच ओढला. "सत्तावीस असन. तिसरा वेचा हाय, पाणी कमी पडलं."

वसंतरावांनी गुपचूप फोटो काढला. सत्तावीस.

"तुमाले हे कोनं शिकवलं?"

"कोनं म्हंजे?" मैनाबाई हसल्या. "बंडीवर बसून तुमचेच तर हात पाहात होती मी."